वानखेडेत असं काय आहे? (आणि बाबांना परत घेऊन जावं का?)

पश्चिमरेषा | २४ फेब्रुवारी २०२४
मंडळी, हा धागा खरं तर बाबांसाठी काढतेय. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली टेस्ट झाली तेव्हा ते गिरगावात राहायचे, नवीन नोकरी होती, तरी रजा टाकून वेस्ट इंडिजविरुद्धची ती मॅच बघायला गेले होते. क्लाइव्ह लॉइडचे नाबाद २४२ त्यांनी डोळ्यांनी बघितलेत. लॉइडची डबल सेंच्युरी झाल्यावर एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि पब्लिक पेटलं, हे सगळं ते अजून असं सांगतात की कालच घडलंय. शेवटचे गेले ते १९९६ च्या वर्ल्ड कपला, ऑस्ट्रेलियाची मॅच. नंतर आम्ही बोरिवलीला आलो, गुडघे दुखायला लागले, आणि टीव्ही होताच.

२०११ च्या वर्ल्ड कपच्या आधी स्टेडियम नवीन केलं तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, "ते आमचं वानखेडे गेलं, आता बघायला काय जायचं." मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. लॉर्ड्ससारखं ते दोनशे वर्षं जुनं नाही, ईडन गार्डन्सएवढं मोठं नाही, आणि दिसायला तर शेजारचं ब्रेबॉर्नच छान आहे. मग तिथे असं काय आहे की माणूस पन्नास वर्षं त्याबद्दल बोलतो? आणि जे होतं ते आता उरलंय का? मार्चमध्ये आयपीएल सुरू होतेय, त्यांना एकदा घेऊन जावं असं खूप वाटतंय. जाऊन आलेल्यांनी लिहा प्लीज.

गुगलीवाला | २४ फेब्रुवारी
आवाज. दुसरं काहीही नाही, फक्त आवाज. घेऊन जा.

दादरचा_स्लिप | २४ फेब्रुवारी
रेषाताई, छान विषय. आधी हे मैदान झालंच कसं ते बघू, कारण त्याची मजा तिथूनच सुरू होते. मुंबईच्या टेस्ट तेव्हा ब्रेबॉर्नवर व्हायच्या. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं, म्हणजे मैदान क्लबचं आणि मॅच भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. तिकिटं कुणाला किती यावरून दरवेळी भांडण. असं सांगतात की काही आमदारांना ब्रेबॉर्नवर मदतनिधीसाठी सामना खेळायचा होता, बॅरिस्टर शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते आणि असोसिएशनचेही, ते क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडे बोलायला गेले आणि नकार घेऊन परत आले. मग ठरलं की आपलं स्वतःचं स्टेडियम बांधायचं. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधे, रेल्वे लाइनला खेटून जागा, आर्किटेक्ट शशी प्रभू, आणि साधारण वर्षभरात काम उभं. आज साधा फूटपाथ करायला किती वेळ लागतो ते बघा आणि मग या वेगाचा विचार करा.

म्हणजे ब्रेबॉर्नपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर दुसरं टेस्ट मैदान उभं राहिलं ते निव्वळ स्वाभिमानापायी. मला तर वाटतं तो हट्टीपणा त्या मैदानाच्या अंगातच आहे.

कव्हर_ड्राइव्ह | २४ फेब्रुवारी
@दादरचा_स्लिप, नेहमीची गोष्ट, आणि नेहमीसारखीच ब्रेबॉर्नवर अन्याय करणारी. ब्रेबॉर्न १९३७ चं. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभं. पॅव्हिलियनसमोर आरामखुर्चीत बसून मॅच बघण्यात जो निवांतपणा आहे तो वानखेडेच्या कॉंक्रीटच्या वाडग्यात सात जन्मात यायचा नाही. विजय हजारे, मर्चंट यांच्या पंचरंगी (धर्मांनुसार केलेल्या पाच संघांच्या) सामन्यांतल्या मोठाल्या खेळी तिथल्या. देशातली पहिली टेस्टही तिथलीच. वानखेडे म्हणजे सोय आहे. प्रेम करायचं तर ब्रेबॉर्नवर.

जुना_स्कोअरर | २४ फेब्रुवारी
कव्हर_ड्राइव्ह, पहिली टेस्ट ब्रेबॉर्नवर नाही हो. ती डिसेंबर १९३३ ला बॉम्बे जिमखान्यावर, जिथे लाला अमरनाथांनी ११८ केले. तेव्हा ब्रेबॉर्न नव्हतंच. ब्रेबॉर्नवर पहिली टेस्ट १९४८ मध्ये, वेस्ट इंडिजविरुद्ध. बाकी आरामखुर्चीचा मुद्दा मान्य.

कव्हर_ड्राइव्ह | २४ फेब्रुवारी
बरोबर, माझी चूक. जिमखाना राहिला डोक्यातून. म्हणजे एका शहरात चालत जाण्याच्या अंतरावर तीन टेस्ट मैदानं. हे जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही मला.

मिड_ऑन | २५ फेब्रुवारी
ब्रेबॉर्नवरच बॅट्समनला मुलीने मैदानात येऊन किस केलं होतं ना? बाबा सांगायचे.

जुना_स्कोअरर | २५ फेब्रुवारी
हो, अब्बास अली बेग, जानेवारी १९६०, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. आता मूळ विषयाकडे या.

नॉर्थस्टँड_९३ | २५ फेब्रुवारी
मी कॉलेजात असताना जुन्या नॉर्थ स्टँडमध्ये बसायचो, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगतो. सावली नाही, सीट नाही, सिमेंटच्या पायऱ्या, दुपारी अशा तापायच्या की पेपर दुमडून खाली घ्यावा लागायचा. पण पब्लिक! फेब्रुवारी १९९३ ला विनोद कांबळीने इंग्लंडविरुद्ध २२४ मारले तेव्हा मी तिथे होतो. आपल्यातलाच एक मुलगा, शारदाश्रम शाळेचा, लोकलला लोंबकळून प्रॅक्टिसला जाणारा, आणि तो त्या गोऱ्यांना असा मारतोय. शेजारचा माणूस कोण, कुठला, काही माहिती नाही, आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो. त्याने डब्यातली पोळीभाजी अर्धी मला दिली. मधेच कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणायचं आणि अख्ख्या स्टँडमधून "मोरया" यायचं, फेब्रुवारी महिन्यात! वानखेडेत गणपती बाराही महिने असतो.

आणि हो, नॉर्थ स्टँडला क्रिकेट कळायचं. बाउंड्रीवर फील्डिंगला कुणी आला की त्याला त्याचा शेवटच्या पाच इनिंगचा हिशोब ऐकायला मिळायचा.

आता तिथे बकेट सीट आहेत, वर छप्पर आहे. बसायला चांगलं झालं हे खरं. पण क्षमता कमी झाली, आता साधारण ३३ हजार. जी माणसं गळली ती कोणती? जी पायरीवर सरकून "बसा काका" म्हणायची ती. तुझ्या बाबांचं म्हणणं मला पटतं.

गुगलीवाला | २५ फेब्रुवारी
मला नाही पटत. २ एप्रिल २०११ ला, वर्ल्ड कप फायनलला, मी नवीन वानखेडेत होतो. सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेला, सचिन १८ वर गेला, आणि अख्खं स्टेडियम इतकं गप्प झालं की मागून जाणारी लोकल ऐकू आली, खरंच. मग गंभीर आणि कोहली एकेक रन जोडायला लागले तसा आवाज हळूहळू परत आला, गॅसवर दूध वर येतं ना तसा. लोक म्हणतात धोनीचा सिक्स. माझ्या कानात मात्र त्याच्या आधीचे दोन-अडीच तास आहेत. गंभीरचे ९७ ज्यांनी मैदानात बसून बघितलेत त्यांना विचारा, तो आउट झाल्यावर किती वेळ लोक उभे होते. नवीन सीट असोत की जुन्या, माणसं तीच ओ.

पश्चिमरेषा | २५ फेब्रुवारी
बाबांना वाचून दाखवतेय सगळं. नॉर्थस्टँड यांचं ऐकून म्हणाले, "पेपर दुमडून बसायचो ते बरोबर." आणि एक पुरवणी सांगितलीय: १९७५ च्या टेस्टमध्ये एकनाथ सोलकरने १०२ केले ते लॉइडच्या गडबडीत सगळे विसरतात. सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, ग्राउंडवरच्या खोलीत वाढलेला. त्याची सेंच्युरी झाली तेव्हा बाबा रडले होते म्हणे. आणि तीच टेस्ट पतौडींची शेवटची. आपण ती २०१ रननी हरलो, सिरीज ३-२ ने गेली.

मातीपरीक्षक | २६ फेब्रुवारी
सगळे पब्लिकबद्दल लिहितायत, मी पिचबद्दल लिहितो. मी कांगा लीग (मुंबईतली पावसाळी क्लब स्पर्धा) खेळलोय, वानखेडेवर खेळायची संधी दोनदाच मिळाली, पण ती दोनदा पुरली.

वानखेडेची माती लाल. काळ्या मातीचं पिच वापरून वापरून मंद होत जातं, बॉल खाली राहतो. लाल मातीत बाउन्स असतो, बॉल बॅटवर येतो, म्हणून शॉट खेळणाऱ्याला मजा. पण तीच माती सुकली की भुगा व्हायला लागतो आणि स्पिनरचा बॉल नुसता वळत नाही, वळून उडतो. मुंबईचे बॅट्समन बॅकफूटला चांगले का, याचं एक उत्तर या मातीत आहे.

दुसरी गोष्ट समुद्र. मरीन ड्राइव्ह पलीकडच्या रस्त्याला. सकाळी पहिला तासभर हवेत ओलावा असतो, बॉल हलतो. दुपारनंतर वारा फिरतो. फेब्रुवारी १९८० ची ज्युबिली टेस्ट आठवा, इयन बॉथमने एकट्याने ११४ रन आणि १३ विकेट काढल्या. त्याच मॅचमध्ये इंग्लंड ५ बाद ५८ असताना बॉब टेलर बॉथमच्या साथीला आला. पुढे टेलरला अंपायरने आउट दिलं आणि आपला कॅप्टन विश्वनाथने, म्हणजे विशीने, त्याला परत बोलावलं. बॉथम आणि टेलरने मिळून १७१ जोडले आणि आपण दहा विकेटनी हरलो. विशीला मी कधीही दोष देणार नाही.

आणि उलटं टोक म्हणजे नोव्हेंबर २००४. ऑस्ट्रेलियाला जिंकायला फक्त १०७ हवे होते, आणि ते ९३ ला ऑल आउट. त्याआधी आपल्याला दुसऱ्या इनिंगमध्ये मायकेल क्लार्कने ९ रनमध्ये ६ विकेट घेऊन उडवलं होतं. क्लार्कने, जो मुळात बॅट्समन! पिच वाईट होतं असं जगभरच्या लोकांनी लिहिलं. वाईट होतंच. पण अशा पिचवर लक्ष्मणचे ६९ आणि सचिनचे ५५ ज्यांनी बघितले त्यांना बॅटिंग म्हणजे काय ते कळलं.

फिरकी_घ्या | २६ फेब्रुवारी
स्पिनवर विषय आला तर एजाझ पटेल. डिसेंबर २०२१, एका इनिंगमध्ये दहाच्या दहा, ११९ रनमध्ये. जन्म मुंबईचा, लहानपणी न्यूझीलंडला गेला, आणि टेस्टमध्ये त्याआधी जगात फक्त दोघांना जमलेली गोष्ट जन्मगावी येऊन करून गेला. वानखेडेने त्याला उभं राहून टाळ्या दिल्या. आपली टीम आउट होत होती आणि आम्ही दहावी विकेट त्यालाच मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो.

नॉर्थस्टँड_९३ | २६ फेब्रुवारी
मग न्यूझीलंड ६२ ला ऑल आउट झालं. पुरा हिशोब दिला आपण.

सरळ_बॅट | २६ फेब्रुवारी
फार गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. मार्च २००६, इंग्लंडविरुद्ध. सचिन २१ बॉलमध्ये १ करून आउट झाला आणि याच वानखेडेत काही लोकांनी त्याची हुर्यो केली. त्याच्या घरच्या मैदानावर. मी तिथे होतो आणि मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. पब्लिकला क्रिकेट कळतं वगैरे म्हणताना हा दिवसही मोजा.

जुना_स्कोअरर | २६ फेब्रुवारी
मोजला पाहिजेच. लिहिलंत ते बरं केलंत.

पण मग नोव्हेंबर २०१३ पण मोजा. सचिनची दोनशेवी टेस्ट, ७४ वर वेस्ट इंडिजच्या सॅमीने स्लिपमध्ये कॅच घेतला तेव्हा क्षणभर सन्नाटा, आणि नंतर सगळं स्टेडियम उभं. त्याची आई पहिल्यांदा मॅच बघायला आली होती. त्याचे कोच आचरेकर सर आले होते. मॅच संपल्यावर तो भाषण करून, सगळं झाल्यावर, एकटा पिचपर्यंत गेला आणि हात लावून नमस्कार करून आला. मातीपरीक्षक, तुमच्या त्या लाल मातीला.

मिड_ऑन | २७ फेब्रुवारी
रवी शास्त्रीचे सहा सिक्स कोणी लिहिले नाहीत अजून? १९८४ ना?

जुना_स्कोअरर | २७ फेब्रुवारी
जानेवारी १९८५. रणजी, बडोद्याविरुद्ध, बॉलर तिलक राज. एका ओव्हरमध्ये सहा सिक्स, आणि ११३ मिनिटांत डबल सेंच्युरी.

रणजी निघालीच आहे तर मला माझी आठवण लिहू द्या. वर्ल्ड कप, आयपीएल सगळं बाजूला ठेवून मला कुणी विचारलं की वानखेडेवरची सर्वांत मोठी मॅच कोणती, तर मी मे १९९१ ची रणजी फायनल सांगेन. मुंबई आणि हरियाणा. हरियाणाचा कॅप्टन कपिल देव. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हवे होते आणि ३ बाद ३४ अशी अवस्था. मग सचिन आला. १८ वर्षांचा होता. ९६ मारले, नुसती धुलाई. तो गेला, कांबळीने साथ दिली तोही गेला, आणि दिलीप वेंगसरकर एका बाजूने उभा राहिला. नववी विकेट गेली तेव्हा अजून पन्नास हवे होते आणि शेवटचा माणूस ॲबी कुरुविला. बातमी शहरभर पसरली होती, फोर्टातल्या ऑफिसांतून माणसं निघून स्टेडियमकडे यायला लागली. टाय घातलेली माणसं, प्यून, बँकवाले, सगळे पायऱ्यांवर. एकेक रनला टाळ्या. ४७ जोडले त्या दोघांनी. आणि कुरुविला रन आउट झाला. दोन रननी हरलो. वेंगसरकर नाबाद १३९, आणि मैदानात उभा राहून रडला.

मी तेव्हा वही घेऊन स्कोअर लिहीत बसलो होतो, माझ्या समाधानासाठी. ते पान माझ्याकडे आहे. शेवटची ओळ लिहिताना पेन्सिल इतकी दाबली गेली की कागद फाटला. हरलेल्या मॅचचं पान मी ३३ वर्षं जपून ठेवलंय. रेषाताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

पश्चिमरेषा | २७ फेब्रुवारी
काका, हे वाचून दाखवलं तर बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्या दिवशी ऑफिसातून निघालो नव्हतो. निघायला हवं होतं."

लेकीची_आई | २८ फेब्रुवारी
मीही लिहिते, कारण आतापर्यंत सगळ्या पुरुषांच्याच मॅच आल्यात. आत्ता डिसेंबर २०२३ ला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला टेस्टमध्ये हरवलं, पहिल्यांदा, आठ विकेटनी, आणि तेही वानखेडेवर. मी माझ्या ११ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले होते. ती ऑफस्पिन टाकते, अकॅडमीत जाते. स्नेह राणाने विकेट काढल्या तेव्हा ती सीटवर उभी राहून बोटं फिरवून मला ग्रिप दाखवत होती. स्टेडियम भरलेलं नव्हतं, पण जे आले होते ते मनापासून आले होते. परतताना चर्चगेटला गाडीत तिने विचारलं, "आई, आपलं ग्राउंड हेच का?" मी हो म्हटलं. मी लहान असताना मला हे कुणी म्हणालं नव्हतं.

गुगलीवाला | २८ फेब्रुवारी
@लेकीची_आई, ही या धाग्यावरची बेस्ट पोस्ट.

शिवाजीपार्क_कट्टा | २८ फेब्रुवारी
वानखेडे, ब्रेबॉर्न सगळं ठीक, पण क्रिकेट जन्मतं शिवाजी पार्कात आणि आझाद मैदानात. वानखेडेत फक्त बारसं होतं.

दादरचा_स्लिप | २८ फेब्रुवारी
मी दादरचा असून सांगतो, हा वाद इथे नको, चारशे पोस्ट होतील. वेगळा धागा काढ, मी पहिला येतो.

चर्चगेट_फास्ट | १ मार्च
मी नोव्हेंबर २०११ च्या वेस्ट इंडिज टेस्टबद्दल लिहितो. सचिन ९४ वर गेला, शंभरावी सेंच्युरी हुकली, म्हणून निम्मं स्टेडियम रिकामं झालं. पण आम्ही थांबलो. शेवटच्या दिवशी शेवटचा बॉल, जिंकायला दोन रन, आणि अश्विन दुसरी धावताना रन आउट. स्कोअर बरोबरीत आणि मॅच ड्रॉ. शेजारचा एक छोटा मुलगा वडिलांना विचारत होता की मग टाय का नाही, आणि आजूबाजूची दहा माणसं एकाच वेळी त्याला समजावायला लागली, प्रत्येकाचं वेगळं. चौथ्या इनिंगमध्ये आपली एक विकेट शिल्लक होती म्हणून टाय नाही, ड्रॉ, हे शेवटी एका आजींनी समजावलं. त्या आजींमुळे मी आजही वानखेडेला जातो.

सरळ_बॅट | १ मार्च
१९८७ च्या वर्ल्ड कपची सेमी कुणी लिहू नका. इंग्लंडच्या गूचचे ते स्वीप अजून पोटात गोळा आणतात. सुनील गावसकरची शेवटची वनडे, ४ वर बोल्ड. झालं, मीच लिहिलं.

वऱ्हाडी_बाउन्सर | ६ मार्च
रामराम मंडळी. आज नागपुरात आम्ही मध्य प्रदेशला ६२ रननी हरवलं आहे. तुमची मुंबई तामिळनाडूला हरवून आधीच बसली आहे. १० तारखेपासून रणजी फायनल, मुंबई विरुद्ध विदर्भ, आणि मैदान कोणतं? वानखेडे!

आणि तुम्ही सगळे वानखेडे वानखेडे करून राहिले, पण शेषराव वानखेडे कुठले होते ते कोणीच नाही सांगितलं. नागपूरकडचे! कळमेश्वरचे आमदार. म्हणजे मैदान आमच्या माणसाच्या नावाचं आहे भाऊ. होम ग्राउंड आमचं.

दादरचा_स्लिप | ६ मार्च
😄 हा मुद्दा पन्नास वर्षांत कुणी काढला नसेल. मान्य. नाव तुमचं, कप आमचा.

जुना_स्कोअरर | ६ मार्च
रेषाताई, आयपीएलचं सोडा. तिथे डीजे, धक्काबुक्की, आणि तिकिटाची मारामारी. बाबांना रणजीला न्या. रणजीला माणूस हवं तिथे बसतो, हवा तेव्हा उठतो, आणि बॅटचा आवाज ऐकू येतो. वेस्ट इंडिजची टेस्ट बघितलेल्या माणसाला बॅटचा आवाज ऐकू आला पाहिजे. पिशवी नेऊ नका, पाण्याची बाटलीही गेटवर काढून घेतात. औषधं खिशात ठेवा. खालच्या रांगेत बसा, वर चढू नका. चर्चगेटला उतरून टॅक्सी करू नका, हळूहळू चालत या, त्यांना तो रस्ता ओळखीचा आहे.

पश्चिमरेषा | ७ मार्च
रविवारी पहिलाच दिवस आहे. बाबांना विचारलं. म्हणाले, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे हो.

पश्चिमरेषा | ११ मार्च
जाऊन आलो. सविस्तर लिहिते.

मरीन लाइन्स सोडल्यावर गाडीच्या खिडकीतून स्टेडियम दिसायला लागलं तसे बाबा उभेच राहिले. आत गेल्यावर पहिला अर्धा तास ते मॅच बघतच नव्हते. आपण तेव्हा कुठे बसलो होतो ते शोधत होते. छप्पर, खांब, सगळं बदललेलं, दिशा लागेना. मग मागून लोकल गेली, तो आवाज कुठून आला ते बघून त्यांनी मैदानाची दोन टोकं, गरवारे एंड आणि टाटा एंड, लावली, हात लांब करून कोन धरला आणि म्हणाले, "तिथे. त्या पांढऱ्या शर्टवाल्याच्या थोडं वर."

मॅच सुरुवातीला मस्त, ८१ पर्यंत विकेट नाही, आणि मग पत्त्यासारखी टीम कोसळली, ६ बाद १११. बाबा चिडले. बॅकफूटवर कुणीच जात नाही म्हणाले (मातीपरीक्षक, तुमची पोस्ट त्यांना पाठ आहे). मग शार्दुल ठाकूर आला आणि ६९ बॉलमध्ये ७५ मारले. पालघरचा पोरगा, पहाटेच्या गाडीने किट घेऊन मुंबईला यायचा, हे सगळं बाबांनी मला सांगितलं, मला माहीत असूनही मी ऐकलं.

आमच्या बाजूला बाबांच्याच वयाचे एक काका येऊन बसले, पांढरी टोपी, परळचे. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा आलात?" बाबा म्हणाले, "पंच्याहत्तरला आलो होतो." ते म्हणाले, "मी पण." झालं. त्यानंतर मला काही काम उरलं नाही. सोलकर शॉर्ट लेगला किती जवळ उभा राहायचा यावर दोघांचं भांडण झालं, हात पसरून मोजमापं झाली, मधे शार्दुलचा सिक्स गेला तो दोघांनी बघितलाच नाही. दिवस संपेपर्यंत विदर्भ ३ बाद ३१, बाबा खूश.

वऱ्हाडी_बाउन्सर | ११ मार्च
बाबांना नमस्कार सांगा. ३ बाद ३१ चं काही बोलू नका म्हणा.

गुगलीवाला | १४ मार्च
जिंकलो! १६९ रननी. ४२ वा कप, आठ वर्षांनी. पण विदर्भाला सलाम. ५३८ चा पाठलाग आणि शेवटच्या दिवशी लंचपर्यंत वाडकर आणि हर्ष दुबेने एक विकेट दिली नाही. अक्षय वाडकरची सेंच्युरी झाली तेव्हा मुंबईच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि शेवटची विकेट धवल कुलकर्णीला, त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये. कुणी लिहून ठेवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

वऱ्हाडी_बाउन्सर | १४ मार्च
धन्यवाद. टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या. लंचला मला खरंच वाटलं होतं की आज होते. ३५३ ला वाडकर गेला आणि पुढच्या १५ रनमध्ये उरलेल्या चारही विकेट. आज रात्री जेवण जाणार नाही. पण पोरं लढली.

पश्चिमरेषा | १४ मार्च
मी ऑफिसात होते. सकाळी आईचा फोन आला की बाबा एकटेच निघाले, डबा घेऊन. दुपारी बाबांचा फोन आला, मागे इतका आवाज की काही कळेना, फक्त "वाडकर गेला, वाडकर गेला" ऐकू आलं. संध्याकाळी घरी आले तर गुडघ्याला तेल लावून बसले होते आणि एक अक्षर तक्रार नाही. "आमचं वानखेडे गेलं" हे वाक्य चार दिवसांत एकदाही आलेलं नाही. उलट आता विचारतायत की पुढच्या सीझनचं वेळापत्रक कधी येतं.

ते परळचे काका आजही भेटले त्यांना, त्याच रांगेत. दोघांनी डबा वाटून खाल्ला. आणि निघताना गर्दीत चुकामूक झाली, नंबर घ्यायचा राहिला. बाबा मघापासून त्याच्यामागे लागलेत की तुझ्या त्या धाग्यावर लिही. म्हणून लिहितेय. परळला राहतात, पांढरी टोपी, उजव्या हातात जुनं घड्याळ, आणि सोलकर बॅटपासून हातभर अंतरावर उभा राहायचा असं त्यांचं ठाम मत आहे. कुणाच्या ओळखीचे असतील तर सांगा.

जुना_स्कोअरर | १४ मार्च
परळच्या आमच्या ग्रुपवर टाकतो लगेच. आणि ते अंतराचं त्यांचंच बरोबर आहे, बाबांना सांगा.